घेताना चकाचक, नंतर निघते खोट: जुना चांदीचा रुपया घेण्याआधी काय काय तपासायचं

नेहमीचा प्रॉब्लेम असा असतो. दुकानात, प्रदर्शनात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत रुपया एकदम झक्कास दिसतो, राणीचा चेहरा ठसठशीत, चांदी पांढरीशुभ्र, भाव पण बरा वाटतो, पैसे दिले जातात. मग काही महिन्यांनी तोच रुपया दुसऱ्या डीलरला दाखवला किंवा ग्रेडिंगला (दर्जा ठरवून घ्यायला) पाठवला की उत्तर येतं, "हे साफ केलेलं आहे", "गळ्यात घालायची कडी काढलेली आहे", "भोक बुजवलंय", आणि भाव निम्म्याच्याही खाली. विकणारा म्हणतो, मी कुठे नकली दिलंय? आणि त्यात तो खोटं बोलत नसतो, कारण नाणं अस्सलच असतं. म्हणूनच हा प्रॉब्लेम नकली नाण्यापेक्षा जास्त त्रास देतो. नकली नाणं ओळखायला लोक लवकर शिकतात, पण अस्सल नाण्यातली लपवलेली खोट वर्षानुवर्षं सापडत नाही आणि नवीन माणूस त्याच त्याच प्रकारात पुन्हा पुन्हा अडकतो.

मी इथे मुख्यतः ब्रिटिश काळातल्या चांदीच्या रुपयांबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते, आणि शेवटी शेवटी शिवराई (शिवकाळापासूनचं तांब्याचं नाणं) आणि मराठेशाहीतल्या रुपयांबद्दल थोडं.

आधी मूळ मुद्दा सांगतो. नाणं हातात आलं की आपली नजर पहिली चेहऱ्यावर जाते. खोट लपवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून त्याने सगळी मेहनत चेहऱ्याच्या बाजूवर घेतलेली असते आणि दाखवताना पण नाणं सरळ समोरून दाखवतो. तुम्ही क्रम उलटा करा. आधी वजन, मग कड, मग मोकळी जागा म्हणजे अक्षरं आणि चेहरा यांच्या मधला सपाट भाग, मग तारीख, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. एवढा एक बदल केला तरी बऱ्याच खोटी तिथल्या तिथे पकडल्या जातात.

या खोटी आल्या कुठून तेही समजून घ्या, म्हणजे कुठे शोधायचं ते आपोआप कळतं. हे रुपये कपाटात जपून ठेवायला कुणी घेतले नव्हते. गावाकडे रुपयांचे हार केले, कमरपट्टे केले, कोटाला बटणं केली, लहान मुलांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात घातले. जे दागिन्यात गेले नाहीत ते लक्ष्मीपूजनाच्या ताटात गेले आणि दर दिवाळीत चिंच-मीठ, राख, रांगोळी, नंतर नंतर टूथपेस्ट, अशा कशाने तरी घासून लख्ख केले गेले. आजीने घासलं म्हणून आजीचं काही चुकलं नाही, तिच्यासाठी ती लक्ष्मी होती आणि लक्ष्मी स्वच्छच पाहिजे. चुकतो तो नंतरचा माणूस, जो त्याच नाण्याची कडी काढतो, भोक भरतो, वरून काळं करतो आणि "एकदम ओरिजिनल, कधी हात लागलेला नाही" म्हणून पूर्ण भावाला विकतो.

सामान फार लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग (सोनार वापरतात ते), 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा खिशातला काटा, एक साधा टेबल लॅम्प, एक छोटं पण जोरदार चुंबक, आणि पाण्याचा ग्लास व दोरा. ट्यूबलाइटखाली नाणं कधीच तपासू नका, पसरलेल्या उजेडात ओरखडे गायब होतात, एकाच बल्बचा उजेड पाहिजे.

वजन

1835 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सगळीकडे एकच रुपया केला तेव्हा त्याचं वजन 180 ग्रेन म्हणजे 11.66 ग्रॅम ठरलं, आणि चांदी 91.7 टक्के. हेच वजन म्हणजे एक तोळा, म्हणून जुने सराफ तराजूत तोळ्याच्या जागी रुपया टाकायचे. (आता दुकानात तोळा म्हणजे सरळ 10 ग्रॅम धरतात, त्यामुळे "तोळ्याचं नाणं आहे" असं कुणी म्हणालं तर कुठला तोळा ते काट्यावर बघा.) बोटांनी झिजलेला रुपया 11.5 च्या आसपास किंवा थोडा खाली येतो, ते नॉर्मल आहे. पण नाणं दिसायला कोरं आणि वजन 11.3, तर काहीतरी गेलंय, एक तर कड घासलीय नाहीतर नाणं दुसऱ्याच धातूचं आहे. उलट 11.66 पेक्षा बऱ्यापैकी जास्त भरलं तर सोल्डर किंवा भराव असू शकतो. 

फक्त वजनावर थांबू नका, कारण वजन जुळवता येतं. घनता जुळवणं अवघड आहे आणि ती घरी मोजता येते. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, काटा शून्य करायचा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही, दोरा हातात धरून ठेवायचा. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा, नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता. 91.7 टक्के चांदीचा 11.66 ग्रॅमचा रुपया असेल तर आकडा 1.13 च्या जवळ येतो, म्हणजे घनता साधारण 10.3. जर्मन सिल्व्हरचं (तांबं, निकेल आणि जस्त, चांदी अजिबात नाही) तेवढ्याच वजनाचं नाणं असेल तर 1.33-1.34 दाखवेल. फरक ग्रॅमच्या पाचव्या भागाचा, पण 0.01 च्या काट्यावर तो स्पष्ट दिसतो. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर आकडा चुकतो, हलकेच हलवून ते सोडवा. आणि नंतर नाणं पुसायचं नाही, मऊ कापडावर ठेवून पाणी टिपू द्यायचं.

1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर आली, त्यात तांबं, निकेल आणि जस्त घातलं, त्यामुळे त्या रुपयांची घनता 9.5 च्या आसपास येते, ती खोट समजू नका. आणि 1947 चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटतो. तो चांदीचा म्हणून विकणारे आजही भेटतात. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण तिरप्या धरलेल्या जोरदार चुंबकावरून चांदीचं नाणं सावकाश, अडखळल्यासारखं घसरतं, जर्मन सिल्व्हरचं झटकन सटकतं.

कड: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

सगळ्यात जास्त फसवणूक कडेवर होते आणि सगळ्यात कमी लोक कड बघतात. त्यात भर म्हणजे नाणी पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये स्टेपल करून विकतात, त्यात कड पूर्ण झाकली जाते. महाग नाणं असेल तर होल्डरमधून काढायला सांगा. "काढलं तर खराब होईल" म्हणाला तर "तुम्हीच काढा, मी हात लावत नाही" म्हणा. तरी नाहीच म्हणाला तर ते नाणं सोडून द्या, मग कितीही सुंदर असू दे.

कडी काढलेली कशी दिसते ते नीट सांगतो, कारण हे एकदा डोळ्यात बसलं की परत चुकत नाही. समजा पंचम जॉर्जचा 1918 चा रुपया आहे. कडी बहुतेक वेळा बाराच्या काट्याच्या जागी असते, राजाच्या मुकुटाच्या बरोबर वर, कारण गळ्यात घातल्यावर राजा सरळ दिसला पाहिजे. नाणं दोन बोटांत कडेने धरा, लॅम्प बाजूला ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवत पूर्ण गोल कडेचे दाते बघा. अस्सल दाते एकसारखे, एकाच खोलीचे, सगळे उभे सरळ. बाराच्या जागी आलं की तीन-चार मिलिमीटरच्या पट्ट्यात दाते एकतर सपाट झालेले असतात, नाहीतर कानशीने पुन्हा पाडलेले असतात, मग ते थोडे तिरपे, कमी-जास्त रुंदीचे दिसतात आणि दोन दात्यांमधली दरी त्रिकोणी होते. रंग पण बघा, सोल्डरमध्ये चांदीबरोबर दुसरे धातू असतात, त्यामुळे तेवढा भाग जरा पिवळट किंवा करडा दिसतो, आणि नाणं काळं पडलेलं असेल तर तेवढाच तुकडा वेगळ्या छटेने काळा पडलेला असतो. मग नाणं उलटं करून मागच्या बाजूला त्याच जागी बघा. कडी झाळताना उष्णता दोन्ही बाजूंना जाते, त्यामुळे मागच्या वेलबुट्टीचा तेवढा भाग मऊ, वितळल्यासारखा दिसतो, कडेच्या आतल्या मण्यांची रांग तिथे तुटते. या दोन-तीन गोष्टी एकाच जागी आल्या की दुसरं काही विचारायची गरज नाही.

बटण केलेलं असेल तर खूण कडेवर नसते, ती मागच्या बाजूला मधोमध असते. तिथली अक्षरं खरवडून सपाट केलेली किंवा चक्क नव्याने कोरलेली दिसतात.

बुजवलेलं भोक मात्र जास्त अवघड. चांगला कारागीर चांदीचाच तुकडा भरतो आणि वरची अक्षरं पण कोरतो. इथे कान वापरा. नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हळूच कडेला टिचकी द्या, अखंड चांदी बराच वेळ गोड वाजत राहते, बुजवलेलं किंवा चिरलेलं नाणं बद्द वाजतं. ही परीक्षा एकट्याने पुरेशी नाही, पण बद्द वाजलं की भिंग घेऊन बाराच्या जागेपासून सुरुवात करायची. भरावाच्या भोवती केसासारखी बारीक गोल रेघ कुठेतरी सुटलेली असते, एका बाजूने लपली तरी दुसऱ्या बाजूला सापडते. आणि कडेवर आडवी, पूर्ण गोल जाणारी रेघ दिसली (नंतरच्या अर्ध्या चांदीच्या रुपयांच्या कडेतली मुळातली खाच सोडून) तर दोन वेगळ्या नाण्यांचे अर्धे भाग जोडलेत किंवा नाणं साच्यात ओतलेलं आहे.

उजेड तिरपा करा

साफ केलेलं नाणं ही सगळ्यात कॉमन तक्रार. टांकसाळीतून आलेल्या, न घासलेल्या नाण्यावर एक जिवंत चमक असते. एकाच दिव्याखाली नाणं तिरपं धरून हळू फिरवलं की उजेडाचे पट्टे मधून कडेकडे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. ही चमक येते ठसा मारताना धातू बाहेरच्या दिशेने सरकला त्याच्या सूक्ष्म रेघांमुळे, आणि एकदा त्या रेघा घासल्या की परत आणता येत नाहीत. म्हणून नाणं कोरं म्हणून विकलं जात असेल आणि फिरवल्यावर पट्टे फिरत नसतील, सगळीकडे एकसारखं मेलेलं पांढरं दिसत असेल, तर ते आम्लात बुडवून काढलंय. 

कापडाने किंवा पावडरने घासलं असेल तर मोकळ्या जागेवर बारीक केसांसारखे ओरखडे दिसतात, पण फक्त एका ठराविक कोनात. समोरून बघितलं तर काहीच नाही. वापरात पडलेले ओरखडे कुठल्याही दिशेने, लहान-मोठे, वेडेवाकडे असतात, घासलेले मात्र समांतर किंवा एकाच वळणाने गोल गोल. तपासायची चांगली जागा म्हणजे व्हिक्टोरियाच्या गालासमोरची रिकामी जागा. अजून एक खूण, अक्षरांच्या कुशीत, जिथे कापड पोचत नाही, तिथे जुना काळेपणा तसाच राहतो आणि बाहेरचं सगळं लख्ख. हे बघून बरेच जण म्हणतात, वा, काय छान कॉन्ट्रास्ट आहे! तो कॉन्ट्रास्ट नाही, घासल्याचा पुरावा आहे.

मशीनवर फिरत्या तारेच्या ब्रशने घासलेलं नाणं तर फार फसवतं, कारण त्याला खोटी फिरती चमक येते. भिंगाखाली अक्षरांच्या एका बाजूला धातू सरकून बारीक ढीग झालेला दिसतो, अक्षराची कड धारदार न राहता घसरलेली दिसते. हे मी फार वाईट समजतो, आजीच्या चिंचेपेक्षा कितीतरी वाईट, कारण चिंचेने नाणं साफ झालं, इथे मुद्दाम फसवायला नाणं खरवडलंय.

आता उलटी बाजू. घासलेलं नाणं पांढरं दिसतं आणि जाणकार पांढऱ्याला नाक मुरडतात हे विकणाऱ्यांनाही कळलं, त्यामुळे आता नाणी मुद्दाम काळी, निळी, जांभळी केली जातात, गंधकाचा धूर किंवा उकडलेल्या अंड्याबरोबर बंद डब्यात ठेवून. नैसर्गिक रंग बसायला वर्षं लागतात, तो कडेकडून आत येतो, एका रंगातून दुसऱ्यात सावकाश जातो, आणि उंच भागावर फिका व अक्षरांच्या आडोशाला गडद असतो. मुद्दाम केलेला रंग अक्षरांवरून, चेहऱ्यावरून जसाच्या तसा पसरत जातो, मध्येच डाग दिसतात, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना अगदी सारखा. आणि त्या रंगाखाली ओरखडे दिसले, म्हणजे ओरखड्यांच्या आतसुद्धा तोच रंग, तर आधी घासलं आणि मग रंगवलं, विषय संपला.

तारीख

महाग तारखेसाठी स्वस्त नाण्याचा आकडा बदलतात. आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे 1939 चा रुपया, फार दुर्मिळ, आणि म्हणूनच 1938 च्या आठचा नऊ करून दिलेले रुपये फिरतात. भिंगाने शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन बघा, बाकीच्या आकड्यांभोवती ती शांत असते, इथे बारीक ओरखडे किंवा किंचित खड्डा दिसेल, आणि आकड्याचा रंग बाकी तीन आकड्यांशी जुळणार नाही. नंतरच्या अर्ध्या चांदीच्या रुपयाची तारीख बदललेली असेल तर ते अजून सोपं आहे, 1939 च्या खऱ्या रुपयाला साधी दातेरी कड आहे, मध्ये खाच असलेली सिक्युरिटी कड नंतरची, शिवाय पाण्यातलं वजन 9.5 ची घनता दाखवेल.

दुसरं उदाहरण 1911 चा रुपया. त्या वर्षी राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, त्यावरून नाराजी झाली, बरेचसे रुपये परत वितळवले आणि 1912 पासून हत्ती सुधारला. त्यामुळे तारीख 1911 आणि हत्तीची सोंड मात्र छान लांब व स्पष्ट असेल तर ते जुळत नाही, तारखेवर काम झालंय. हत्ती शोधायला भिंग लागेल, राजाच्या छातीच्या खालच्या भागात बघा, आणि झिजलेल्या नाण्यावर यावरून निकाल देऊ नका.

1862 च्या राणीच्या रुपयांवर तीच तारीख 1874 पर्यंत चालू ठेवली होती आणि मुंबई टांकसाळीच्या नाण्यांवर ठिपक्यांवरून वर्ष ओळखतात, त्यामुळे ठिपके मोजून भाव लावले जातात. ठिपके स्वतः मोजा. खरा ठिपका उठावाचा आणि गोल असतो, मळाचा कण लाकडी दातकोरणीच्या टोकाने हलतो.

शिवराई आणि हाताने पाडलेले रुपये

इथे आधी हे डोक्यात पक्कं ठेवा की काय खोट नाही. चांदवडी रुपया असो की अंकुशी, ही नाणी हाताने ठोकलेली, त्यामुळे ठसा एका बाजूला सरकलेला, अर्धी अक्षरं बाहेर, कडेला बारीक चिरा, हे सगळं जन्मापासूनचं. वरचे छोटे छोटे ठोके पण बघून घाबरू नका, आत चांदीच आहे ना हे बघायला सराफ ते मारायचे. त्यामुळे भाव थोडा कमी होतो, पण असा ठोका असलेलं प्रामाणिक नाणं मी ठोके भरून गुळगुळीत केलेल्या नाण्याच्या वर धरेन, कधीही.

शिवराईत मुख्य खोट म्हणजे अक्षरं पुन्हा कोरणं. झिजलेल्या शिवराईवर "श्री राजा शिव" अर्धवट दिसतं, मग कोरणीने ते खोल केलं जातं. ठशाने आलेल्या अक्षराच्या कडा जमिनीतून गोलाईने वर येतात, कोरलेल्या अक्षराच्या बाजूला जमिनीतच खरवडल्याची पन्हळ दिसते आणि तिथला तांब्याचा रंग जास्त ताजा असतो. तो झाकायला वर मेण किंवा तेल लावतात. ओतीव नकली शिवराई वेगळी कळते, पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे, अक्षरं साबणासारखी मऊ, आणि दोन-तीन नाणी शेजारी ठेवली तर सगळ्यांवर खड्डे एकाच जागी.

तांब्यावरचा हिरवा रंग सगळा सारखा नसतो, आणि आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणातल्या दमट खाऱ्या हवेत, हे फार महत्त्वाचं आहे. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर चांगला, तो नाण्याला जपतो. फिका, पोपटी, पावडरीसारखा, नखाने निघणारा हिरवा म्हणजे तांब्यात क्लोराइड शिरलंय आणि ते नाणं आतून खातंय. विकणारा वरची पावडर ब्रशने काढून, तेलाचा हात मारून विकतो आणि पावसाळ्यात तुमच्या घरी ती परत येते. शंका असेल तर घेतल्या घेतल्या नाणं एका बंद डब्यात ओल्या कापसाच्या बोळ्याशेजारी (बोळा नाण्याला लागू न देता) एक-दोन दिवस ठेवा, रोग असेल तर ताजे फिके हिरवे ठिपके उठतात. ही परीक्षा करायला वेळ मिळावा म्हणून परत घेण्याची मुदत आधीच ठरवून घ्या. तोपर्यंत ते नाणं बाकीच्या तांब्याच्या नाण्यांपासून लांब ठेवा.

फोटोवरून घेताना

फोटोत खोट लपवायला काहीच करावं लागत नाही, उजेड थोडा वाढवला की ओरखडे गेले. म्हणून फोटोवर भाव ठरवू नका. सरळ मागा, होल्डरबाहेर काढलेल्या नाण्याचा व्हिडिओ, एका दिव्याखाली तिरपं करून फिरवताना, त्याच व्हिडिओत कडेचा पूर्ण फेरा, आणि काट्यावरचं वजन. खरा विक्रेता कुरकुर करेल पण पाठवेल. आणि बोलताना मोघम विचारू नका. "ओरिजिनल आहे ना?" या प्रश्नाला सगळेच "हो" म्हणतात. "कधी कडी, भोक, सोल्डर, पॉलिश, कोरीव काम यातलं काही झालंय का, आणि तसं निघालं तर सात दिवसांत परत घ्याल का, हे लिहून द्या" असं विचारा. उत्तर लेखी आलं पाहिजे आणि बिलावर नाण्याचं वर्ष, टांकसाळ आणि "साफ न केलेलं" असे शब्द पाहिजेत, "जसं आहे तसं" चालणार नाही.

पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या सीलबंद डबीत असेल तर डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून तिथला फोटो आणि हातातलं नाणं जुळवा, नकली डब्या पण येतात. लेबलवर ग्रेडच्या आकड्याऐवजी "डिटेल्स" लिहिलं असेल तर नाणं अस्सल पण त्यात खोट आहे, आणि लेबलवरच काय खोट ते दिलेलं असतं, विकणारा तो शब्द बोटाखाली झाकून फोटो काढतो. तुमचं स्वतःचं जुनं नाणं ग्रेडिंगसाठी बाहेरदेशी पाठवायचा किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकाला द्यायचा विचार असेल तर थांबा, 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावशेष धरलं जातं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही.

कंपनीच्या नावाने 1818 किंवा 1616 ची तारीख आणि त्यावर राम दरबार किंवा हनुमान असलेली नाणी इथे मोजतच नाही, कंपनीने तसली नाणी कधी काढलीच नाहीत. तसंच वैष्णोदेवीच्या पाच-दहाच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील म्हणून आधी "फी" मागणारे, रिझर्व्ह बँकेचं नाव सांगणारे, त्यांच्याबद्दल खुद्द रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये लोकांना सावध केलंय. फोन कट करा.

डोळा तयार करायचा तर अस्सल, न छेडलेली नाणी भरपूर बघावी लागतात. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. तिथे एक दिवस घालवा, आणि मग पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात काही न घेता फक्त कडा बघत फिरा.

आधीच घेऊन बसला असाल तर

पहिलं, परत घासू नका, बुडवू नका, काही लावू नका. मुदत असेल तर फोटो आणि वजनासकट लगेच लेखी कळवा आणि परत करा. चांदीच्या नाण्यावर हिरवट चिकट थर असेल तर तो बहुतेक वेळा स्वस्त पीव्हीसीच्या अल्बमचा असतो, शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात बुडवून ठेवला की सुटतो, न चोळता. खिडकी उघडी ठेवा आणि गॅसपासून लांब करा हे, अ‍ॅसिटोन झटकन पेटतं. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र नको, त्यात तेल आणि सुगंध घातलेले असतात. अल्बम बदला, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात ती बदलत रहा.

परत करता येत नसेल तर नाणं फेकायचं नाही. कडी काढलेला 1840 चा रुपया सुद्धा 1840 चाच रुपया आहे, अभ्यासाला तो तितकाच उपयोगी. फक्त होल्डरवर पेनाने स्पष्ट लिहून ठेवा, "कडी काढलेली, बाराच्या जागी सोल्डर" किंवा "साफ केलेलं", वजन आणि घेतलेला भाव पण लिहा, म्हणजे उद्या ते तुमच्याकडून किंवा तुमच्या मुलांकडून पुढे गेलं तर घेणाऱ्याला बघूनच कळेल.